औंधचा सूर्यनमस्कार : सक्तीपासून सवयीपर्यंत

माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी. या दिवशी सकाळी महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या पटांगणांवर मुलामुलींच्या रांगा उभ्या राहतात. शिक्षक अंक मोजतात आणि शेकडो हात एकाच वेळी जमिनीला टेकतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांनाही हे दृश्य परिचयाचे आहे. आज युरोप-अमेरिकेतील शहरांत योगाच्या वर्गाला जाणारा नवखा विद्यार्थी प्रारंभी बहुधा हाच सूर्यनमस्कार शिकतो. ज्या व्यायामाने एवढा दूरचा प्रवास केला, त्याच्या आधुनिक वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा खटाव तालुक्यातील औंध या गावी आहे, याची जाणीव मात्र पुष्कळांना नसते.

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले औंध हे स्वातंत्र्यपूर्व काळात एका छोट्या संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल. त्याचा मुलूखही सलग नव्हता. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा भाग विजापूरकडे, अशी त्याची विखुरलेली रचना होती. साधनसंपत्ती मर्यादित असलेल्या आणि वारंवार दुष्काळाला तोंड देणाऱ्या या प्रदेशात, अंगमेहनत करणाऱ्या प्रजेला व्यायाम शिकविण्याचा उद्योग एका राजाने आरंभिला. त्याचे कारण काय, त्यातून काय साधले आणि आजच्या बदलत्या जीवनात त्याचा अर्थ कोणता, याचा विचार उद्बोधक ठरेल.

तालमीचा वारसा

सूर्याला नमस्कार घालण्याची प्रथा औंधच्या राजांनी निर्माण केलेली नाही. सूर्योपासना हा या देशातील फार जुना संस्कार आहे. नवस म्हणून, व्रत म्हणून वा नित्यकर्माचा भाग म्हणून साष्टांग नमस्कार घालणारी माणसे महाराष्ट्रातील गावोगावी होती. समर्थ रामदासांच्या संप्रदायाने बलोपासनेला मोठे स्थान दिले. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर येथील मारुती सातारा जिल्ह्यात, तर बहे आणि शिराळा येथील मारुती सांगली जिल्ह्यात आहेत. मारुतीचे देऊळ आणि त्याच्याजवळ तालीम, ही कृष्णाकाठच्या गावांची जणू ओळखच होती. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवून देणारे खाशाबा जाधव हे याच परिसरातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे.

तालमीत जोर आणि बैठका हा व्यायामाचा पाया मानला जाई. सूर्यनमस्कारातील काही हालचालींचे जोराशी असलेले साम्य सहज लक्षात येते. परंतु तालीम ही प्रामुख्याने तरुण पुरुषांची जागा होती. स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि लेखणीवर उपजीविका करणारा वर्ग तिच्या बाहेरच राहत असे. देवघरातील नमस्कार आणि तालमीतील जोर यांच्यामधली वाट सर्वांसाठी मोकळी करणे, हे औंधच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य होय.

डंबेल्सकडून नमस्काराकडे

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ साली झाला. ते पदवीधर होते. चित्रकला, कीर्तन आणि प्राचीन वाङ्मय यांची त्यांना मनापासून आवड होती. औंध येथील श्रीभवानी चित्रसंग्रहालय आजही त्यांच्या रसिकतेची साक्ष देते. १९०९ साली ते गादीवर आले.

व्यायामाच्या बाबतीत मात्र त्यांचा आरंभ पाश्चात्त्य पद्धतीने झाला होता. त्या काळी यूजेन सँडो या मल्लाचे नाव जगभर गाजत होते. १८९७ साली बाळासाहेबांनी सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोडणाऱ्या दोन राजधान्यांतील हा स्नेहाचा धागा पुढे एका मोठ्या चळवळीस कारणीभूत ठरला.

या बदलामागे केवळ स्वदेशीचा अभिमान नव्हता, त्यात व्यवहारही होता. सँडोची उपकरणे विकत घ्यावी लागत आणि ती सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील नव्हती. सूर्यनमस्काराला मात्र माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा आणि थोडा वेळ यांपलीकडे काहीही लागत नाही. ना यंत्र, ना जोडीदार, ना मैदान. गरीब मुलुखातील सर्व प्रजेला परवडेल असा दुसरा सर्वांगीण व्यायाम शोधून सापडणे कठीण होते.

शाळेच्या वेळापत्रकात

संस्थानातील शाळांतून बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार आवश्यक केले. व्यायाम हा फावल्या वेळेचा छंद नसून शिक्षणाचे अंग आहे, ही भूमिका त्यामागे होती. आज शारीरिक शिक्षणाचा तास सर्वत्र रूढ झाल्यामुळे त्यात नवल वाटणार नाही. परंतु ज्या काळी खेड्यातील शाळा म्हणजे अंकलिपी आणि पाढे असे समीकरण होते, त्या काळी हा निर्णय पुढचे पाहणारा होता.

बाळासाहेब स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत आणि राजकुटुंबातही हा नेम होता. राजघराण्यातील स्त्रियाही हा व्यायाम करीत, ही गोष्ट विशेष महत्त्वाची होय. व्यायामाचा आणि स्त्रियांचा संबंध नाही, या समजुतीला त्यामुळे राजवाड्यातूनच उत्तर मिळाले.

या कार्याला औंधमधील वैचारिक वातावरणाचीही जोड मिळाली. वेदांचे गाढे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी १९१८ च्या सुमारास औंध येथे स्वाध्याय मंडळाची स्थापना केली आणि पुढे सुमारे तीन दशके तेथूनच ग्रंथप्रकाशनाचे कार्य चालविले. योगसाधना आणि आरोग्य हेही त्यांच्या लेखनाचे विषय होते. दुसरीकडे, १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बाळासाहेबांच्या आश्रयाने कारखाना उभारला आणि त्यातून किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार करणारी ओतशाळा, वेदांचे छापखाने आणि सूर्यनमस्कार घालणारी शाळा, या तीनही गोष्टी एकाच छोट्या संस्थानात एकाच काळी नांदत होत्या.

दहा स्थितींची साखळी

औंधच्या पद्धतीत एक नमस्कार दहा स्थितींत पूर्ण होतो. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. दुसऱ्या स्थितीत कमरेतून वाकून तळहात पावलांजवळ जमिनीवर टेकावयाचे. तिसऱ्या स्थितीत एक पाय मागे, चौथ्या स्थितीत दुसराही पाय मागे. पाचवी स्थिती साष्टांगाची. यात कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही चवडे अशी आठ अंगे भूमीला स्पर्श करतात. सहाव्या स्थितीत छाती वर उचलून पाठीची मागे कमान करावयाची. सातव्या स्थितीत कंबर उंच उचलून शरीराचा जणू डोंगर करावयाचा. त्यानंतर आठव्या स्थितीत एक पाय पुढे, नवव्या स्थितीत दुसराही पाय पुढे आणि दहाव्या स्थितीत पुन्हा ताठ उभे. आज अनेक ठिकाणी बारा अंकांची पद्धत प्रचलित आहे. तीत आरंभी आणि अखेरीस हात डोक्यावर ताणून मागे झुकण्याच्या दोन स्थिती अधिक असतात. मूळ साखळी तीच.

या रचनेतील मर्म नीट समजून घेण्यासारखे आहे. पुढे वाकण्याच्या क्रियेनंतर मागे वळण्याची क्रिया येते आणि तीनंतर पुन्हा पुढे वाकण्याची. त्यामुळे पाठीचा कणा दोन्ही दिशांना वळतो. हात, खांदे आणि छाती शरीराचा भार पेलतात. मांड्या, पोटऱ्या आणि पोटाचे स्नायू आळीपाळीने ताणले आणि आखडले जातात. छाती फुलते तेव्हा श्वास आत घ्यावयाचा आणि शरीर दुमडते तेव्हा तो सोडावयाचा, या साध्या नियमाने श्वसनाला लय येते. दुसऱ्या स्थितीत टेकलेले तळहात नवव्या स्थितीपर्यंत जागचे हलवावयाचे नाहीत, हे पथ्य पाळले की सर्व हालचाली आपोआप प्रमाणबद्ध होतात.

नमस्काराबरोबर सूर्याची मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क आणि भास्कर ही बारा नावे उच्चारण्याचा प्रघात आहे. बाळासाहेबांचा मंत्रोच्चारावर विशेष भर होता. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे वा ज्यांना केवळ व्यायाम म्हणून नमस्कार घालावयाचे आहेत, ते अंक मोजून वा श्वासावर लक्ष ठेवूनही घालू शकतात. स्नायूंना होणारा लाभ त्यामुळे कमी होत नाही.

औंध ते लंडन

बाळासाहेबांनी या विषयावर मराठीप्रमाणेच इंग्रजीतही लेखन केले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता तेथील ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लेखिका लुईस मॉर्गन यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. साठी उलटून गेलेल्या या राजाचा उत्साह आणि बांधा पाहून त्यांना कुतूहल वाटले. त्यांनी या व्यायामाविषयी लेखन केले आणि पुढे १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ‘आरोग्याचा दशसूत्री मार्ग’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक दहा स्थितींवरूनच घेतलेले होते. औंधच्या शाळेतील व्यायाम अशा रीतीने इंग्लंडमधील वाचकांच्या घरी पोहोचला.

बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत पुढे भारताच्या परराष्ट्रसेवेत गेले आणि १९६९ ते १९७२ या काळात लंडन येथे भारताचे उच्चायुक्त होते. त्यांनीही १९७० साली सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वडिलांनी ज्या नगरीत या व्यायामाची ओळख करून दिली, त्याच नगरीत पुत्राने देशाचे प्रतिनिधित्व करावे, हा सुंदर योगायोग होय.

योग की व्यायाम?

सूर्यनमस्कार हा योगाचा भाग मानावा काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आसने, प्राणायाम आणि मुद्रा यांचे वर्णन आहे. सूर्यनमस्काराची आजची साखळी त्यांत आढळत नाही. ‘हठप्रदीपिके’वरील एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योत्स्ना’ टीकेत तर फार मोठ्या संख्येने घातलेल्या सूर्यनमस्कारांची गणना साधकाने टाळावयाच्या, देहाला शिणविणाऱ्या कृतींत केलेली आहे. योगासनात स्थैर्य आणि सौख्य यांची अपेक्षा असते. सूर्यनमस्कार मात्र गतिमान असतो. म्हणूनच पूर्वी अनेक जाणकार त्याची गणना व्यायामात करीत.

विसाव्या शतकात ही सीमारेषा हळूहळू पुसट झाली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. योग गुहेतून आणि मठातून बाहेर पडून शाळा, दवाखाना आणि घर यांच्याकडे वळू लागला. साहजिकच गतिमान नमस्कार आणि स्थिर आसने एकाच वर्गात शेजारी आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केला. २०१६ साली युनेस्कोने योगाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

तेव्हा नावाचा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. घाईने, स्पर्धेसाठी, धापा टाकीत घातलेले शंभर नमस्कार हा केवळ श्रम होय. श्वासाची लय सांभाळून, मन एकाग्र करून घातलेले बारा नमस्कार योगाच्या अधिक जवळ जातात. ‘ज्योत्स्ना’कारांचा इशाराही अतिरेकाविषयी आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्याला व्यायाम कशासाठी?

दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, ही शंका जुनीच आहे. तिचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले असे की, श्रम आणि व्यायाम या गोष्टी भिन्न आहेत. खुरपणी, भांगलण, ऊसतोड या कामांत शरीर तासन् तास पुढे वाकलेले असते. त्याच त्या स्नायूंवर ताण पडतो आणि पाठीला उलट दिशेने वळण्याची संधी क्वचितच मिळते. नमस्कारातील मागे वळण्याच्या स्थिती ही उणीव भरून काढतात.

दुसरे उत्तर बदललेल्या जीवनाचे आहे. बैलांची जागा ट्रॅक्टरने, पाणंदीतून चालत जाण्याची जागा मोटारसायकलने आणि गिरणीपर्यंत वाहून नेण्याच्या ओझ्याची जागा दारात येणाऱ्या वाहनाने घेतली आहे. कार्यालये, दुकाने, साखर कारखान्यांचे हिशेबनीस विभाग आणि संगणकासमोरची कामे यांत बैठेपण वाढले. मुलांच्या हातात मोबाईल आला. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता हे विकार एकेकाळी शहरी आणि सुखवस्तू वर्गाचे समजले जात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. हा आकडा केवळ शहरांचा असू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल आणि मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल सुचविली आहे. संथपणे घातलेल्या बारा नमस्कारांस पाच-सहा मिनिटे पुरतात. चालणे, खेळणे आणि घरकाम यांच्या जोडीला असा नित्य नेम ठेवल्यास ही मर्यादा गाठणे अवघड नाही.

काही पथ्येही पाळावयास हवीत. नमस्कार रिकाम्या पोटी घालावेत. आरंभ थोड्या संख्येने करून ती क्रमाने वाढवावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया वा मणक्याचे विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घालू नयेत. बाळासाहेबांच्या काळातील पुस्तकांत या व्यायामाच्या गुणांविषयी जे उत्साहाने लिहिले गेले, ते सर्वच आजचे वैद्यक मान्य करील असे नाही. सूर्यनमस्कार औषधाची जागा घेऊ शकत नाही. तो निरोगी राहण्यास साहाय्य करतो आणि तेवढे मोल पुरेसे आहे.

भिंतीवाचूनची शिस्त

औंधच्या प्रयोगातून एक प्रश्न मात्र उरतो. सक्तीने लावलेली शिस्त टिकते काय? शाळेत घंटा झाली की मूल रांगेत उभे राहते. शाळा सुटल्यावर, गुरुजी समोर नसताना ते नमस्कार घालील काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याच संस्थानातील दुसऱ्या एका उपक्रमाकडे पाहावे लागते. १९३९ च्या जानेवारीत बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना जाहीर करून सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. उंच भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी कुटुंबासह राहावे, शेती करावी आणि विश्वासास पात्र ठरावे, हा तिचा गाभा होता. याच प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे स्वतः औंध संस्थानच्या शाळांत शिकलेले होते.

शाळेतील आवश्यक नमस्कार आणि भिंतीवाचूनचे कारागृह या दोन टोकांच्या गोष्टी वाटतात. परंतु त्यांचा हेतू एकच होता. बाहेरून लावलेली शिस्त कालांतराने आतून पाळली जावी. ज्याच्यावर कोणाची नजर नाही, अशा माणसानेही आपला नेम सोडू नये. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली बाळासाहेबांचे निधन झाले. हुकूम संपला, पण नमस्कार उरला. ज्यांनी तो केवळ घंटेसाठी घातला होता त्यांच्याकडून तो सुटला असेल. ज्यांना त्याची सवय जडली, त्यांनी तो पुढच्या पिढीला दिला.

आज रथसप्तमी आणि २१ जून या दोन दिवशी मोठमोठे सामुदायिक कार्यक्रम होतात. त्यांमुळे विषयाकडे लक्ष वेधले जाते, हे खरेच. तथापि आरोग्याचा हिशेब वर्षातील उरलेल्या ३६३ दिवसांवर होत असतो. शाळेने मुलाला योग्य रीत शिकवावी, घराने सकाळची दहा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि वडीलधाऱ्यांनी मुलांना आज्ञा करण्यापूर्वी स्वतः अंगणात उभे राहावे. औंधच्या राजाने नेमके हेच केले होते. प्रजेला नमस्कार घालण्यास सांगण्याआधी त्यांनी तो स्वतः घातला होता.